रापणीच्या आभाळातला डोळा

चित्र क्र. ११
शीर्षक: रापण
चित्रकार: लवू कांदळगावकर
माध्यम: ॲक्रिलिक
आकार: चार फूट रुंद, तीन फूट उंच

भिंतीवरचं सगळ्यात मोठं चित्र. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारी, वाळूवर वाकलेली माणसं, त्यांच्या खांद्यांवरून गेलेला जाळ्याचा दोर. दोर पाण्यात शिरतो तिथे संपतो. वर आभाळ. अर्ध्याहून जास्त चित्र म्हणजे नुसतं आभाळच.

त्या आभाळाला फोड आला होता.

तो आधी मथुराला दिसला. गावच्या चित्रकार मंडळातली ही सगळ्यात थोरली. जन्मभर जलरंगात माड आणि कौलं रंगवत आलेली. तिने शेजारी उभ्या असलेल्या संचिताच्या दंडाला चिमटा काढला.

"गो, लवूचा आभाळ फुगलेला आसा."

"हॅलोजनचो ताप असतलो."

"ताप माझ्या चित्रांक नाय तो? खाली कायतरी आसा. तेलावर ॲक्रिलिक मारल्यार असाच होता. किती वेळा सांगलंय मी तेका. पण लवू म्हणजे लवू."

मंडळाचं प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी मे महिन्यातच भरतं, कारण तेव्हा चाकरमानी गावी असतात आणि पर्यटकही असतात. वाळू उडून येते म्हणून खिडक्या बंद. पंखे गरम हवा फिरवत होते. मुख्य पाहुणे, एक निवृत्त मुख्याध्यापक, चित्र क्रमांक एकपासून शिस्तीत पुढे सरकत होते आणि प्रत्येक चित्रासमोर "वा" म्हणत होते. चित्र आवडलं तर दोनदा.

लवू दाराशी होता. पणजीहून आलेल्या गॅलरीच्या बाई त्याला चित्र कसं बांधून न्यायचं ते समजावत होत्या. अख्ख्या प्रदर्शनातून त्यांनी एकच चित्र निवडलं होतं, लवूची रापण. लवू ट्रॉलरवर नावं रंगवतो. त्याची अक्षरं समुद्रात लांबवर गेलेली आहेत, चित्र मात्र गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यापलीकडे अजून एकही गेलं नव्हतं. सकाळपासून तो एकेकाला हेच सांगत होता. चहावाल्यालासुद्धा.

पाहुणे अकराव्या चित्रापाशी आले.

"वा. वा! इथे बघा, आभाळाला उठाव दिलाय. हात लावून बघावंसं वाटतं."

आणि लावला.

तळहाताएवढा पापुद्रा सुटून फरशीवर पडला. वाजलासुद्धा नाही.


त्या जागी काय दिसलं

पाहुणे: मासा.
मथुरा: भोक.
मोबाईल वर धरलेला एक चाकरमानी: काहीतरी मॉडर्न असेल.
संचिता:

संचिता ते बघत होती. कोणाला कळत नव्हतं, कारण डोळा आडवा असतो आणि हा उभा होता. एक कोपरा वर, एक खाली. पण तिला कळलं. खालची पापणी लोंबलेली, आतला लाल काठ दिसणारी. तो लाल तिने स्वतः मिसळला होता. जमेपर्यंत कितीदा पुसला होता.

तिच्या आईचा डोळा. लवूच्या आभाळात.


क्रमांक नाही
शीर्षक नाही
चित्रकार: संचिता
माध्यम: तैलरंग, वर वार्निश
आकार: तीन फूट रुंद, चार फूट उंच

आईच्या, काशीबाईच्या तोंडावरून वारं गेलं तेव्हा संचिता कणकवलीत कॉलेजला शिकवत होती. अर्धांगातून हात सावरला, पाय सावरला, चेहऱ्याची डावी बाजू मात्र सावरली नाही. गाल उतरला. डावा डोळा झोपेतही उघडा राहायला लागला. काशीबाईने त्या बाजूने पदर ओढून घेतला आणि दातात धरला. मरेपर्यंत सोडला नाही. आधारकार्डाच्या फोटोवरून ऑफिसात भांडली. लग्नांना गेली नाही. घरी कोणी आलं की जेवायला मात्र घालायची, पदर दातात धरून, त्यामुळे अर्धे शब्द आत आणि अर्धे बाहेर. लवूला तर हक्काने. तो तिला काकी म्हणायचा. तो ट्रॉलर रंगवून रंगाच्याच हातांनी यायचा आणि ती ओरडायची, "आधी हात धू मेल्या, नायतर आंबोळी निळी होतली."

मग एका पावसाळ्यात ती आपण होऊन म्हणाली, "इतक्या जणांची चित्रां काढतंस. माका कित्याक नाय काढूक?"

संचिता काही बोलायच्या आत तिने पदर सोडला. केस सोडले. खुर्ची फिरवून डावी बाजू उजेडाकडे केली. जी कोणी पाहिली नव्हती तीच.

"ही काढ. पण कोणाक दावू नको. मी मेल्यावरसुद्धा नाय. शपथ घे."

संचिताने शपथ घेतली. गळ्याला हात लावून.

चित्र झालं. काशीबाईने ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, "होय. ह्यां मी." दुसऱ्या पावसाळ्यात ती गेली. दिवसकार्याला मुंबईचे सगळे घरात येणार, खोल्या उघडणार, कपाटं उघडणार. म्हणून संचिताने चित्र चादरीत गुंडाळून मंडळाच्या खोलीवर नेलं. ही खोली म्हणजे बंद पडलेल्या काजू कारखान्याची एक बाजू. तिथे तिने चादर काढली, कारण दमट चादरीत बुरशी धरते. आणि कोणाला दिसू नये म्हणून कॅनव्हास

तोंड भिंतीकडे करून ठेवला.


नेम

मंडळाच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून ठेवलेला कॅनव्हास म्हणजे सोडून दिलेला कॅनव्हास. ज्याला लागेल त्याने घ्यावा, पांढरा मारावा, वापरावा. विचारायचं नाही. कारण विचारलं की टाकून दिलेल्या चित्रावरही माणसाचा जीव परत जडतो.

सगळे हा नेम पाळतात. दिवसकार्य उरकून संचिता परत आली तेव्हा तो कॅनव्हास जागेवर नव्हता, आणि तिला कोणाला विचारता आलं नाही.

हा नेम केला होता संचितानेच.


चित्र क्र. ११, पुन्हा

संचिता चित्राकडे पाठ करून, हात पसरून उभी राहिली. पाहुणे दोन पावलं मागे सरकले.

"बाजूक व्हा. कोणी फोटो काढू नका. ओ, तुमचा मोबाईल खाली घ्या. खाली घ्या म्हणते ना!"

"मॅडम, मी फक्त हात लावला," पाहुणे म्हणाले. "एकाच बोटाने."

लवू गर्दीतून आला. त्याने जमिनीवरचा पापुद्रा उचलला, उलटा करून पाहिला. पाठीमागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती.

"वार्निशावर बसलोच नाय रंग," तो स्वतःशीच म्हणाला. मग संचिताकडे पाहून, "तू अशी कित्याक उभी आसस? सर गो, चिकटवतंय मी. फेविकॉल लावून संध्याकाळपर्यंत—"

"खालचा माझा आसा."

"काय ता?"

"खालचा चित्र. माझा."

पणजीच्या बाई मागून विचारत होत्या की दुरुस्त होईल ना, गाडी उद्याच येणार आहे. लवू त्यांना हो म्हणाला, मग संचिताकडे बघून नाही म्हणाला. मथुराने पाहुण्यांना हाताला धरून बारा नंबरकडे वळवलं. बारा नंबर तिचा स्वतःचा होता. "सर, हे बघा, इथे कशालाही हात लावला तरी चालतो."

दोघांनी चित्र उतरवलं आणि स्टेजमागच्या खोलीत नेलं. शाळेच्या जुन्या खुर्च्या, तबला, झेंड्याची काठी. दार लावलं.

"बघलंस नाय तू?" संचिताचा आवाज चिरकला. "पांढरो मारताना बघलंस नाय?"

"बघलंय."

"आणि मारलंस?"

"भिंतीकडे तोंड होता, गो. मी काय तुझ्या कपाटातसून काढूक नाय. तुझोच नेम."

"पण तोंड बघलंस मा तिचा!"

"बघलंय म्हणतंय तर. कोणतरी म्हातारी. केस सोडलेली. माका वाटला, तुझ्या कॉलेजातली कोण मॉडेल. काम बरा होता, म्हणान जराशी वायट वाटला. मगे मारलंय."

संचिता त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचं चिन्ह नव्हतं. हा माणूस बारा वर्षं त्या बाईच्या हातचं जेवला. तिला खांदा दिला. तिच्या तोंडावर त्याने रुंद ब्रश फिरवला, दोन हात मारले, पहिला आडवा आणि दुसरा उभा, वाळायला ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली असेल. आणि त्याला कोणतरी म्हातारी दिसली.

"तुका व्हया ता परत?" लवूने विचारलं.

तिने मान हलवली. हो.

"चिकटवलंय तर पणजीक जाता. थय परत सुटतला. आज ना उद्या सगळाच सुटतला. म्हणजे माझा तसा पण टिकाचा नाय." तो हे हिशेबासारखं बोलत होता, पण हातातला पापुद्रा पुन्हापुन्हा उलटसुलट करत होता. "पण उद्या गाडयेत घालूक येता. थय चार लोक बघतले. मगे सुटाना का."

संचिता बोलली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

"इतक्या व्हया?"

"होय."

लवूने तिच्याकडे, मग रापणीकडे पाहिलं. खिशातून रंग खरवडायची पातळ सुरी काढली. तिला वाटलं, तो सुरी तिच्या हातात देईल. त्याने दिली नाही. स्वतःच खाली बसला आणि आभाळाच्या कडेत ती सरकवली.

सोलतानाचा आवाज अगदी बारीक होता. उन्हाने जळलेल्या पाठीचं कातडं निघावं तसं आभाळ निघालं. मग समुद्र. मग दोर, लांबच्या लांब, न तुटता. माणसं निघायला वेळ लागला, तिथे त्याने रंग जाड चढवला होता. एकेका माणसाला त्याने आधी कडेने मोकळं केलं, मग पाठीखाली सुरी घालून उचललं, आणि तबल्यावर ठेवलं. एकाच्या जागी थांबला.

"हो आमचो बाबा होतो," म्हणाला. "दोर ओढताना असोच वाकी." आणि त्यालाही उचललं.

मथुरा आत आली तेव्हा खाली जुन्या खुर्च्यांमध्ये निळ्या करड्या पट्ट्यांचा ढीग होता.

"अरे मेल्या, ह्यां काय केलंस!"

"गप, गो."

दोघांनी कॅनव्हास उभा केला, भिंतीला टेकवला. काही ठिकाणी पांढऱ्याचे ठिपके राहिले होते, पण चेहरा सगळा होता. उतरलेला गाल. एका बाजूला ओघळलेलं तोंड. उघडा डोळा. आता. आता उभा आहे, आता कळेल ह्यांना. संचिताने दाराची कडी लागली आहे का ते पाहिलं. मनात शब्द जुळवले: कोणाला सांगू नका, तुम्हां दोघांतच ठेवा, तिने शपथ घातली होती.

मथुराने चष्मा पुसून पाहिलं. जवळ गेली. मागे आली.

"नजर भारी आसा," म्हणाली. "कोण गो ही?"

संचिताने लवूकडे पाहिलं. तोही वाट बघत होता. मान जराशी कलती, ओळख आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी. आणि येत नव्हती ओळख. काशीबाईने त्यांना जी बाजू दिली होती ती ह्या चित्रात नव्हतीच.

"कोण?" लवूनेही विचारलं. "सांग तरी."

"कुडाळच्या स्टँडावर बसायची एक," संचिता म्हणाली. "चहाभाकरी देऊन बसवलेलं तिका. नाव ठावक नाय."

तिने स्वतःचा आवाज ऐकला. एकदा अडखळलासुद्धा नाही.

"म्हणजे ओळखीची नाय."

"नाय."

"खरा?"

"खरा."

मथुरा तिच्याकडे बघत राहिली आणि मग तोंड फिरवून खुर्च्या सरळ करायला लागली. खुर्च्या हलवायची तशी काही गरज नव्हती. लवूने सुरी पँटीला पुसली. तबल्यावरची माणसं एकमेकांना चिकटायला लागली होती. त्याने त्यांना वेगळं करायचा प्रयत्न केला, त्यातलं एक फाटलं, तेव्हा सोडून दिलं.

"आता सोलताना माझ्या मनात इलेला," तो म्हणाला. "काकीचा तर नाय? म्हटला काकीचा असात तर असली धा रापणी सोलून टाकूया. तिच्या आंबोळयेची किंमत तेच्यापेक्षा जास्ती. पण काकीचा कसा असतला? काकी कधी पदर सोडी?"

तो हसला. खरंच हसला, तिला बरं वाटावं म्हणून.

"नाय सोडी," संचिता म्हणाली.

"मगे जावंदे."

तो उठला, हात झटकले, दार उघडून बाहेर गेला. हॉलमध्ये पणजीच्या बाई उभ्या होत्या. लवूने घसा साफ केल्याचं आत ऐकू आलं. मग त्याचं मराठी, ऑफिसात बोलतात तसं, नीट एकेक शब्द लावून:

"मॅडम, माफ करा. ते चित्र आता नाही. दुसरं काही नाही हो, खाली एक जुनं चित्र होतं. नाही, नाही, कोणा खास माणसाचं नाही. असंच, एका बाईचं."