पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

“गोळ्या थांबवून किती दिवस झाले?” अंबूच्या पोटावर हात ठेवूनच मी विचारलं.

“पंधरा दिस,” तिच्या सासूबाई, गीताबाई म्हणाल्या. “तरी पाळी न्हाई. आवं नर्सबाई, गोळ्या अंगात मुरल्या का काय?”

गोळ्या कसल्या मुरतायत! पोट तीन महिन्यांचं होतं.

चूक माझीच. त्यांच्या घरी देवीचं जागरण, नैवेद्य सुनेनंच रांधायचा, आणि नेमकी तेव्हाच तिची पाळी यायची होती. ‘बाहेरची’ बाई चुलीपाशी चालत नाही. वेल्ह्याकडच्या आमच्या दवाखान्यात त्या साली, एकाहत्तरात, ह्या गोळ्या नव्यानंच आल्या होत्या आणि मी त्या मोठ्या तोऱ्यात देत होते. अंबूला न तपासताच गीताबाईंच्या हातात दिल्या. मग भावकीत सुतक आलं, जागरण लांबलं. गीताबाई पुन्हा आल्या, मी पुन्हा दिल्या. पाळी येत नव्हती, तर आम्हाला वाटलं, वा, गोळ्या लागू पडल्या! एवढी शहाणी कुंदा नर्स, तिला एवढं कळू नये?

मी भोरच्या डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “मुलगा असेल तर फारसं भय नाही. मुलगी असेल, तर ह्या गोळ्यांनी तिच्या गुप्तांगाची घडण मुलासारखी होऊ शकते. पुढे शस्त्रक्रिया करता येते. पण आत्ता काहीच सांगता येत नाही.”

मी ते गीताबाईंना सांगितलं. अंबूला सांगायची छाती आम्हा दोघींनाही झाली नाही. सहा महिने मला धड झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी मुलगाच व्हावा म्हणून मी नवस बोलले. लाज वाटली, तरी बोलले.

अंबू भर दुपारी घरीच बाळंत झाली. मुलगी. मी तिचे पाय अलगद बाजूला करून पाहिलं. फरक होता. थोडाच, पण होता. रोज न्हाऊ घालणाऱ्या सुईणीच्या नजरेतून सुटला नसता, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता.

“काय झालं वो बाई?” अंबूनं विचारलं.

गीताबाईंनी वाकून पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. मग पदरानं नाक पुसलं.

“लेक झाली गं. लक्षुमी आली,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर पाणी तापवत बसलेल्या सुईणीला हाक मारली. “भामाबाई, तुमी जावा घरला. नातीला अंगूळ म्याच घालनार. आजबी आन् रोजबी.”

“सव्वा महिना? कंबर मोडंल की तुमची!” भामाबाई बाहेरूनच हसल्या.

“मोडू दे.”

त्या पाटावर बसल्या, पाय लांब सोडले आणि बाळाला पायांवर घेतलं.

“नर्सबाई, दार लावून घ्या.”

मी कडी घातली.