उत्तरातच बक्षीस

"आजचं शेवटचं. पुढच्या रविवारपासून बंद," असं म्हणत मोहनरावांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि टॉवेल घेऊन ते आंघोळीला निघून गेले.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते घाटनांदूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अक्षरांची अदलाबदल केलेलं एक कोडं टाकायचे. खाली लिहायचे, 'उत्तरातच बक्षीस आहे.' उत्तर कधीच आलं नाही. कुणी गुलाबाचं फूल पाठवायचं, कुणी हात जोडायचं. अलीकडे तर मोहनराव संध्याकाळी बाहेर पडेनासेच झाले होते. विमलबाईंच्या जिवाला तेवढा एक घोर लागला होता.

विमलबाई गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. नवऱ्याच्या कोड्यांत त्यांनी कधी डोकं घातलं नव्हतं. घाल, असं कुणी म्हटलंही नव्हतं. आज मात्र त्यांनी आपल्या मोबाईलवर ते शेवटचं कोडं उघडलं:

जोत्याहासोलातडचचीवेमाभलझ्याजी

"वैष्णवी, हे बघ गं जरा." कॉम्प्युटर शिकणारी लेक सुट्टीला घरी आली होती. "तुजे पप्पा चौकटी आखून आडव्या वळीनं लिवतेत अन् मग वरून खाली उतरवून घेतेत. पर एका वळीत अक्षरं किती, ते मला न्हाई ठाऊक."

"मग मशीनलाच सगळे आकडे लावून बघू दे की!" वैष्णवीनं लॅपटॉपवर आठ-दहा ओळींचा प्रोग्राम लिहून चालवला. पडद्यावर नुसता गोंधळ उडाला. काने एकीकडे, मात्रा दुसरीकडे, वेलांट्या अधांतरी.

विमलबाईंना हसू आवरेना. "अगं, लेकरं मायपासून तोडलीस की! त्येंला आपापल्या अक्षराच्या कडेवरच ऱ्हाऊ दे."

वैष्णवीनं कपाळावर हात मारला. मशीन काना-मात्रेलाही वेगळं अक्षर धरत होतं. तिनं दोन ओळी वाढवल्या. एकाआड एक अक्षर घेतल्यावर 'जोहालाडची' असलं काहीतरी निघालं. मग दोन सोडून तिसरं घेतलं, तेव्हा विमलबाई पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

"जो सोडवेल त्यालाच माझ्या हातची भजी."

मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"पप्पांच्या हातची?"

"त्येंला तेलाचा डबा कुठं असतो ते तरी ठाऊक हाय का!" म्हणत विमलबाईंनी उत्तर ग्रुपवर टाकूनही दिलं.

मोहनराव केस पुसत आले. मोबाईल वाजला, तसं त्यांनी वाचलं. नाव पाहिलं. पुन्हा वाचलं.

"तू सोडवलंस?"

"मी अन् वैष्णवीनं. मी वळीचं सांगितलं, तिनं मशीन लावली."

"पर मी वळीनं लिवतो हे तुला कसं कळलं?"

"माज्या समोरच तर बसून लिवता."

"मग इतके दिवस कावून बोलली न्हाईस?"

"तुमी कदी इचारलं?"

मोहनराव एकदम मोकळं हसले आणि बाह्या सरसावत म्हणाले, "बेसन कुठं हाय?"

अर्धा कांदा जमिनीवर गेला, पीठ दोनदा पातळ झालं, पहिला घाणा करपला. वैष्णवीला त्यांनी मदतीला येऊच दिलं नाही. अखेर विमलबाईंच्या पुढ्यात ताट आलं आणि मोहनराव खांद्यावर फडकं टाकून तिथंच उभे राहिले.

"मीठ बराबर हाय का?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न या घरात रोज विचारला जात होता. विचारायच्या विमलबाई, आणि पेपरामागून नुसता हुंकार यायचा.

त्यांनी भजं सावकाश चावून संपवलं.

"जरा कमी हाय," त्या म्हणाल्या आणि दुसरं उचललं.