कोरडा सांधा

खडू दातांत धरून मास्तर पाठीवर सरकत बोटीखाली गेले. अठरा फुटांची उघडी बोट लाकडी घोड्यांवर ठेवलेली होती आणि आत बाकांपर्यंत पाणी भरलं होतं. बोट समुद्रात उतरवण्याआधी तिच्यातच पाणी भरायचं, बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे फुली मारायची, ही दाजींची पद्धत. दाजी सुतार. चार वर्षं खपून त्यांनी ती एकट्याने बांधली होती. पण आता जवळचं धड दिसत नव्हतं. त्यांचे मेहुणे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. सुईच्या नेढ्याशी आयुष्य गेलेलं, म्हणून फुल्यांचं काम त्यांच्याकडे.

परवा दोघं निघणार होते. बावीस दिवस, मध्ये कुठेही जमीन नाही. शीड मास्तरांनीच शिवलं होतं आणि शिवता शिवता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोहीम ऐकवली होती.

"काय मास्तर, लाटांची मापं घेतली का?" शेजारचा पेंटर कुंपणावरून ओरडला. "जरा ढिलंच शिवा हो, अंगावर येतात त्या!"

दाराशी बिस्किटांचे पुडे डब्यात भरत बसलेली ताई, दाजींची बायको आणि मास्तरांची बहीण, हसली. बोटीखालून मास्तरही हसले. सरावाच्या दिवशी किनारा दिसेनासा झाला, तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. तळ कोरडा ठणठणीत होता. एक थेंब नाही.

मास्तरांनी तिसऱ्या फळीच्या सांध्यावर फुली मारली.

"सापडलं?" दाजींनी विचारलं.

"बारीक आहे. पण आहे."

दाजींनी दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

"हात गेला म्हणायचा माझा," ते म्हणाले. पेंटरने मान खाली घातली आणि तो आत निघून गेला.

मास्तरांना वाटलं होतं, दाजी चिडतील, दुरुस्तीत वारा हुकेल म्हणून शिव्या घालतील, मोहीम पुढच्या वर्षावर ढकलतील. असा चेहरा त्यांच्या हिशेबात नव्हता. आता खरं सांगावं असं मनात आलं, पण त्यांनी बादली उचलली आणि ते बोट उपसायला लागले.

पाणी संपल्यावर दाजींनी फुलीपाशी पटाशी लावली. सांध्यावर लिंपलेलं लुकण खरवडलं, आत दाबून बसवलेला कापूस आकड्याने बाहेर ओढला. तो पांढराशुभ्र होता. दाजींनी तो चिमटीत चुरला, गालाला लावून पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बोटांवरचा खडू पुसत होते, पुसून झाला तरी.

"गळत होतं का हो?" ताईने विचारलं.

दाजींनी कापूस मुठीत घेतला.

"होतं. चिंब आहे. याने पाहिलं म्हणून बरं."

ताईचे डोळे भरून आले. "तू बरोबर आहेस ना, म्हणून मला घोर नाही बघ," ती भावाला म्हणाली आणि शेजारी सांगायला गेली. कुंपणापलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता: "डोळे म्हणजे डोळे आहेत माझ्या भावाचे!"

मास्तरांनी रिकामी बादली पालथी घातली.

"लुकण वाळायला चार दिवस," दाजी हलक्या आवाजात म्हणाले. "वारा तोवर टिकेल. गोडं पाणी एकाचं भरू की दोघांचं?"

"दाजी, मी..."

"तेवढंच सांग."

पलीकडे ताई अजून बोलत होती.

"एकाचं," मास्तर म्हणाले.

दाजींनी मान हलवली. नव्या कापसाची वात वळली आणि हातोडीसकट मास्तरांपुढे धरली.

"मग हा सांधा तूच बुजव. मला नीट दिसत नाही."