सरांच्या गच्चीवरचे कावळे

ताटात: दहीभात

जुमा टांझानियाहून पनवेलला इंजिनिअरिंग शिकायला आला होता. रविवारी मेसचं जेवण बेचव, रात्री तर मेस बंदच. म्हणून कॉलेजातल्या कमळाकर सरांनी एका रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं. दार उघडताच त्याच्या हातात ताट दिलं.

"गच्चीवर ठेवून ये. मग आपण बसू."

"कोणासाठी, सर?"

"आधी ठेव रे बाबा."

कठड्यावर कावळे होते. जुमाला बघून सगळे उडाले. मागून आलेल्या सरांचा चेहरा पडला. दोघं खाली येऊन जेवले.

ताटात: उडदाचा वडा

"कुमुद गेली, माझी बायको. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. माणसाची इच्छा राहिली असली की शिवत नाही म्हणतात. आमच्या मुलानं, अवधूतनं, काय काय कबूल केलं! दर वर्षी येईन, लग्न करीन. सगळे उन्हात ताटकळलेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून टेकवला."

"मॅडमना काय हवं होतं?"

"तेच तर. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि मला…"

सर उठून पाणी प्यायले.

"म्हणून यांना पाळतोय. माझा पिंड तसा पडून राहायला नको. अवधूत कॅनडात, त्याला हे ओळखत नाहीत. तुला ओळखायला हवं यांनी."

"सर, मी मुसलमान आहे."

"कावळा विचारतो का?"

ताटात: पुन्हा दहीभात

चमच्यानं ताट वाजवायचं. अंगात सरांचा मरून रंगाचा स्वेटर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. आधी रंग ओळखू दे, चेहरा नंतर.

समोरच्या गच्चीवरून अरुंधतीबाई ओरडल्या, "अहो सर, पोरगं विरघळेल!"

"विरघळू दे. पास तर होईल!"

थंडीत एक कावळा जुमाच्या हाताशी आला. सर टाळ्या वाजवणार होते. कावळा उडेल म्हणून दोन्ही हात तसेच अधांतरी धरून उभे राहिले.

ताटात: काही नाही

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सर उठलेच नाहीत.

पत्रावळीवर: पिंड

गाढी नदीचा घाट. कॅनडाहून आलेला अवधूत हात जोडून उभा.

"बाबा, फ्लॅट विकणार नाही."

कावळे झाडावरच.

"बाबा, तुमची पुस्तकं नीट ठेवीन."

झाडावरच.

जुमा पुढे झाला. "दादा, हे ते नाहीत. ते गच्चीवर आहेत."

"कोण?"

"सरांचे कावळे. पिंड तिकडे नेऊ या?"

"अरे, असं नसतं." अवधूतनं घाम पुसला. "तू प्लीज मागे उभा राहा."

गुरुजींनी दर्भ वळायला घेतला होता.

ताटात: खानावळीतला भात

जुमा रिक्षानं परत आला. स्वेटर घातला, गच्चीवर जाऊन ताट वाजवलं. कावळे तुटून पडले. बघता बघता ताट साफ.

मंत्र नव्हता. मुलगा नव्हता. पिंडही नव्हता, नुसता भात.

हे शिवणं म्हणून धरतात का, ते विचारावं असा पनवेलमध्ये त्याचा एकच माणूस होता. कावळे कठड्यावर बसून जिन्याच्या दाराकडे बघत राहिले. जुमाही.