हळदीखालचा पिवळा रंग

"आज दुखत नाही म्हणून घरी बसून राहू नका," ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी प्रणालीची सोनोग्राफी बघून बजावलं होतं. "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. एखादा नळीत उतरला की कावीळ होते, पू होतो, मग धावपळ करायलाही वेळ उरत नाही. पिशवी आत्ताच काढून घ्या."

दीपिकाने मान हलवली खरी. पण कडेवरची आर्वी रडत होती, आरमोरीची बस सुटायला आली होती, आणि खडे काय, कितीतरी जणांना असतात, अशी बी.एस्सी. झालेल्या दीपिकाने स्वतःचीच समजूत घातली. तिची नणंद प्रणाली तर हसत होती. तिचं पोट दुखायचं थांबलं होतं ना!

घरी सासूबाईंनी, विमलबाईंनी, विषयच मिटवला. "पोटाले टाके पडलेल्या पोरीले कोन करते वो? लेकरं होतीन का, म्हनून इचारतीन. सोयरीक जमून राह्यली, आता दवाखान्याचं नाव काढू नोको."

"आई, त्या पिशवीचा अन् लेकरांचा काही संबंध नाही."

"तुले-मले ठाव हाय. त्याईले कोन समजावन?"

ही भीती एकट्या विमलबाईंची नव्हती. लग्नाच्या वयातल्या मुलीचं दुखणं घरोघरी असंच झाकलं जातं. मुलगी दाखवायची असते, तपासायची नसते.

सोयरीक जमली. दुखणंही परत आलं. भाजीत जरा तेल जास्त झालं की प्रणाली पोटाशी उशी दाबून वाकडी व्हायची. "सासरी बी अशीच लोळशीन काय?" म्हणत विमलबाई तिला ओवा चारायच्या.

हळदीच्या सकाळी मांडवात डीजे दणाणत होता. बायका प्रणालीला हळद चोळत होत्या.

"काय रंग चढला वो नवरीले!" एक काकू म्हणाली. "हरद तर डोऱ्यातबी गेली बाप्पा!"

सगळ्या खिदळल्या. दीपिका हसली नाही. आर्वीला जन्मल्यावर कावीळ झाली होती, तेव्हापासून डोळे उजेडात बघायची तिला सवयच जडली होती. तिने प्रणालीची हनुवटी वर उचलली. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळंजर्द झालेलं. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि तरी दात वाजत होते.

"वैनी, लघवी काऱ्या चहावानी होऊन राह्यली," प्रणाली कुजबुजली. "आई म्हने, लगन होऊ दे, कोनाले सांगू नोको."

दीपिकाने नवऱ्याला हाक मारली. "अहो, गाडी काढा. दवाखान्यात न्यायचं आहे."

डीजे बंद पडला. विमलबाई मांडवाच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. "हरद लागलेली पोरगी शीव ओलांडत नाई. उद्या अक्षता पडू दे, मंग तिच्या सासरचे पाहून घेतीन."

"उद्यापर्यंत राहिली तर!"

"चार बुकं शिकली म्हनून तू माह्या पोरीचं लगन मोडतं काय?"

"मोडते," दीपिका म्हणाली. "माझ्या नावावर मोडा."

नवरा, अतुल, आईच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हा दीपिकानेच नणंदेला दंडाला धरून उठवलं. मग मात्र तो धावला.

गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्सने ओल्या फडक्याने प्रणालीचं तोंड पुसलं, हात पुसले. फडकं पिवळं झालं. हळद सगळी निघाली, आणि खाली प्रणाली तेवढीच पिवळी होती.

"इतके दिवस कोणी बघितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. खडा नळीत अडकून पू झाला होता, विष रक्तात गेलं होतं. तिथून नागपूरला नेलं. नळी मोकळी झाली, पण ताप उतरला नाही. हातावरची मेंदी फिकी व्हायच्या आत प्रणाली गेली.

नवरदेवाची हळद वाया जाऊ नये म्हणून तिकडे घाईघाईत दुसरी मुलगी बघून लग्न उरकलं. तिला काही दुखतंखुपतं का, हे कोणी विचारलं नसावं.

तेरवीला आलेल्या बायका विमलबाईंना पोटाशी धरून म्हणाल्या, "हरदीच्या अंगानं शिवेबाहेर नेली, मंग कशी जगन वो बाई?" विमलबाई डोळ्याला पदर लावून मान डोलवत होत्या. लेकीला सुनेने मारलं, असंच त्या मानेचं म्हणणं होतं.

आर्वीला घेऊन दीपिका दारातून पुढे आली.

"शिवेनं नाई मारलं तिले. टाक्याच्या भेवानं मारलं. माह्या पोरीच्या पोटाले टाके पडले तर मी चारचौघांत सांगीन. ज्याले चालत नसन, त्यानं सोयरीक घेऊन या दारी येऊ नये."

बाहेर पंगतीची पानं मांडायला घेतली.

वाचणाऱ्या भावांनो, बायांनो, पेपरची ही पुरवणी जरा बाजूला ठेवा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारात, लग्न ठरलेली एखादी मुलगी दोन घास खाऊन ताट बाजूला सारत असेल. आज तिच्याजवळ जाऊन बसा. कुठं दुखतं, ते विचारा. तिच्या आईला नाही, तिला विचारा. आणि ती "काही नाही" म्हणाली, तर लगेच उठू नका.