नाव दस्तगीर, आडनाव चौगुले

माझं पूर्ण नाव दस्तगीर पिराजी चौगुले. थबकलात ना? सगळेच थबकतात. ईदला मला शुभेच्छांचे ढीगभर मेसेज येतात. शीरखुर्म्याला कधी येऊ, असं विचारणारे दोस्त वेगळेच. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं दारावरची पाटी वाचून सलाम ठोकतात आणि पुढं सरकतात. मग मलाच हाका मारून त्यांना मागं बोलवावं लागतं.

आम्ही मुरगूडचे मराठे. हे नाव माझ्या आईच्या नवसाचं. तिला घरात सगळे आक्का म्हणतात.

तर यंदा पेठ वडगावचं एक स्थळ आलं. मुलगी संयोगिता, जुने मोडी कागद वाचायचं काम करणारी. आक्काला घेऊन बघायला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच पार विरघळलो. पोहे तिखटजाळ होते, तरी दोनदा मागून घेतले. पण तिथं तिचे मामा होते, विजयसिंह. त्या घरात वडील कमी बोलायचे आणि त्यांच्या वाटचंही मामाच बोलायचे.

"पावणं, पोरगं झ्याक हाय," मामा गरजले. "ट्रॅक्टरचं गॅरेज बी जोरात चाललंय. पर ह्ये नाव? आमची भावकी काय म्हणंल? लग्नाच्या पत्रिकेवर दिग्विजय छापा की!"

मी संयोगिताकडं पाहिलं. तिच्यासाठी त्या क्षणी मी आडनावसुद्धा बदललं असतं.

"छापा," मी म्हणालो.

आक्कानं मान खाली घातली. मला लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता.

तेवढ्यात संयोगितानं तिला विचारलं, "मावशी, हे नाव कुणी ठेवलं?"

"म्याच," आक्का म्हणाली. "ह्येच्या आधी दोन लेकरं गेली. एक आठ दिसांचं, एक तीन म्हैन्यांचं. ह्यो पोटात असताना पिराला गेलते. म्हणलं, बाबा, मला दुसरं काय नगं, ह्या लेकराचा हात तेवढा धर. तिथं दर्ग्याची देखभाल करणारा म्हातारा मुजावर बसला व्हता. त्यो म्हणाला, ल्योक झाला तर दस्तगीर नाव ठेव. ठेवलं. अर्थ काय, ते म्या इचारलंच न्हाय."

"मावशी, दस्त म्हणजे हात," संयोगिता म्हणाली. "फारसी शब्द आहे, आपल्या दस्तऐवजातलाच दस्त. गीर म्हणजे धरणारा. पडणाऱ्याचा हात धरतो तो दस्तगीर. बगदादच्या एका थोर पिरांना लोक असं म्हणायचे, त्यांच्यावरनं मग पोरांना हे नाव ठेवायला लागले."

आक्का तिच्याकडं बघतच राहिली. "म्हंजे म्या मागितलं, त्येच मुजावरानं नावात घालून दिलं व्हय?" एवढं म्हणून ती भर बैठकीत रडायला लागली.

बत्तीस वर्षं ही बाई दिवसातून पन्नास वेळा मला हाक मारत होती. प्रत्येक हाकेला तोच नवस बोलत होती, तोही नकळत. आणि मी ते नाव दोन बशा पोह्यांवर देऊन टाकलं होतं! मला माझाच भयंकर राग आला.

"मामा," मी उठून उभा राहिलो, "पत्रिकेवर दस्तगीरच छापायचं. पटत नसंल तर आम्ही निघतो."

बोललो खरा, पण संयोगिता हातची जात होती. मामाही ताडकन उठले. "मग न्हाईच जमायचं, पावणं!"

"मामा, बसा खाली," संयोगिता म्हणाली, आवाज जराही न चढवता. "उखाण्यात नाव मला घ्यायचंय, तुम्हाला नाही. आणि मी दस्तगीरच घेणार."

मामा बसले. मी मात्र उभाच राहिलो. तिच्यासाठी जे नाव मी टाकून दिलं होतं, तेच तिनं सगळ्यांसमोर मागून घेतलं होतं आणि मला बसायचंही सुचत नव्हतं.