बाटलीतला कापूस

“गोळ्यांना थंडी वाजते का गं?” मी विचारलं आणि दवाखान्यात बाकावर बसलेले सगळे हसले.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईची बाटली माझ्या हातात होती. एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या दर महिन्याला मोजायच्या, कुणी औषध सोडत नाही ना ते बघायचं, हे माझं काम. नऊ वर्षं करते आहे. तोंडाने फटकळ पण कामाला चोख अशी माझी ख्याती, आणि मला त्या फटकळपणाचाही अभिमानच होता. तिच्या बाटलीत गोळ्यांवर कापूस गच्च कोंबलेला. मी तो उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“कापूस ओल धरतो. गोळ्या खराब होतात. पुन्हा दिसला तर बघ!”

तीही हसली, जरा उशिराच. “बरं, ताई,” म्हणाली आणि नवी बाटली पिशवीत घालून गेली.

तोवर तिची एकही गोळी चुकली नव्हती. पुढच्या महिन्यात मात्र ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. जरा बरं वाटलं की यांना औषध नकोसं होतं, म्हणून मी चरफडले आणि शेवटी पत्ता शोधत तिच्या भावाच्या घरी गेले. ती मागच्या पत्र्याच्या पडवीत मशीनवर बसली होती. अंगात काही राहिलं नव्हतं.

“वहिनीने पिशवी उचलली,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाटली वाजली. कसल्या गोळ्या ते तिने शोधून काढलं आणि बाटली गटारात फेकली. मुलांना हात लावायचा नाही, पुन्हा बाटली घरात दिसली तर बाहेर काढीन म्हणाली. तेव्हापासून मी इथेच असते.”

“वाजली म्हणजे?”

“गोळ्या खुळखुळतात ना, ताई. म्हणून तर कापूस घालायचे.”

“अगं, मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“सगळे हसत होते. कसं बोलणार?”

“निदान घरी येऊन तरी पुन्हा घालायचास!”

“तुम्ही नको म्हणाला होतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच मला समजावू लागली, “तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत.” त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. असं हसून हसवून मी आजवर किती जणांची तोंडं बंद केली असतील, देव जाणे.

डॉक्टरांनी तपासून तिचं औषध पुन्हा सुरू केलं. नवी बाटली तिने घेतली नाही.

“तुमच्याकडेच राहू दे. मी रोज येऊन घेईन.”

“पाऊण तास चालावं लागेल.”

“असू दे.”

आता ती रोज सकाळी येते, गोळी घेते, पाणी पिते आणि पुन्हा पाऊण तास चालत परत जाते. ती आत आली की मी खुर्चीतून उठते. मोठे डॉक्टर आले तरी मी जागची हलत नाही, म्हणून परवा नर्सने विचारलं, “हिच्यासाठी कशाला उठता हो?” ती पायऱ्या उतरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभीच राहिले.